राउटरवर गाळणी की फोनवर पहारा?

राउटरच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून ती इंटरनेटवर शोधून देणारी सेवा) क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.३ हा पत्ता टाकला की घरच्या वायफायवर अश्लील आणि घातक साइट बहुतांशी बंद होतात. थोडक्या वेळाचं काम, तेही फुकट. पण मुलाने मोबाइल डेटा चालू केला की गाळणी बाद! शिवाय डीएनएसला फक्त साइटचं नाव कळतं. यूट्यूबवर नेमकं काय चाललंय, गेममध्ये कोण अनोळखी गप्पा मारतंय, हे त्याच्या गावीही नसतं.

गूगलचं फॅमिली लिंक हे पालकांसाठीचं ॲप मुलाच्या फोनसोबत फिरतं. ॲपला परवानगी, वेळेची मर्यादा, लोकेशन, सगळं पालकांच्या हातात. चॅट मात्र तेही दाखवत नाही. लहानग्यांसाठी मी दोन्ही लावेन. पंधरा वर्षांच्या मुलावर न बोलता पहारा बसवला, तर तो मित्राचा फोन वापरेल.