१०८ रुग्णवाहिका: गाडी चोख, पुढची जोडणी कच्ची

महाराष्ट्रात २०१४ पासून धावणारी ही मोफत सेवा. सुरुवातीचा ताफा ९३७ गाड्यांचा: २३३ अ‍ॅडव्हान्स (अतिगंभीर रुग्णांसाठी), ७०४ बेसिक (साध्या उपचारांसाठी). बेसिक गाडीतही डॉक्टर असतो, ही हिची खरी ताकद. व्हेंटिलेटर मात्र अ‍ॅडव्हान्समध्येच. म्हणून ‘शुद्ध नाही’, ‘धाप लागलीय’ हे फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा. हायवेवर असाल तर किलोमीटरचा दगड किंवा जवळचा फाटाही सांगा.

गाडी येईपर्यंत सगळं उत्तम. घोळ होतो तो एकदम वीस-पंचवीस जखमी असले की. खरचटलेले, चालते-बोलते लोक मिळेल त्या वाहनाने आधी पोचतात, जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग भरतो आणि रक्तस्राव होणारा पेशंट मागून येऊन स्ट्रेचरवर ताटकळतो. घटनास्थळीच मनगटाला लाल (गंभीर), पिवळी (मध्यम), हिरवी (किरकोळ) पट्टी बांधून हिरव्यांना लांबच्या रुग्णालयात पाठवायला हवं. त्यासाठी नियंत्रण कक्षाकडे मोकळे आयसीयू बेड, रक्तसाठा, हजर सर्जन यांची ताजी माहिती पाहिजे. सकाळी भरलेला तक्ता दुपारी कामाचा नसतो.

ऑक्सिजनचा हिशेबही निघण्याआधीच करावा. १,५०० लिटरचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला १० लिटरने अडीच तास पुरतो. घाटात गाडी अडकली आणि आत दोन पेशंट असले, तर जेमतेम सव्वा तास.