वारंवार मुरगळणाऱ्या घोट्यासाठी पाऊल व घोटा तज्ज्ञांचा सल्ला: एक परीक्षण

बॅडमिंटन खेळताना एकच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळू लागला, तेव्हा मी पाऊल आणि घोटा यांच्याच विकारांचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. या सेवेविषयी माझे मत बहुतांशी अनुकूल आहे आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे तिथे झालेली हातांनी केलेली तपासणी. याआधी दुसऱ्या एका दवाखान्यात एक्स-रे पाहून ‘हाड मोडलेले नाही’ एवढेच सांगण्यात आले होते आणि क्रेप बँडेज बांधून मला घरी पाठवण्यात आले होते. हाड शाबूत असूनही घोटा दगा का देतो, या प्रश्नाला तिथे कोणी हातच घातला नव्हता.

इथे डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले. पाऊल आत वळले की बाहेर, त्या क्षणी ‘टक्’ असा आवाज आला का, सूज लगेच आली की रात्री, आणि दुखापतीनंतर चार पावले टाकता आली का, हे त्यांनी बारकाईने जाणून घेतले. चार पावलांच्या प्रश्नामागे निश्चित कारण आहे. कॅनडात तयार झालेले आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेले ‘ओटावा नियम’ असे सांगतात की ताज्या दुखापतीत घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, करंगळीच्या रेषेतल्या लांब हाडाचे मूळ किंवा पावलाच्या आतल्या बाजूचे नौकाकृती हाड दाबल्यावर दुखत असेल, अथवा चार पावलेही चालता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. यांपैकी काहीच नसेल, तर हाड मोडल्याची शक्यता फार कमी असते.

त्यानंतरची तपासणी मला सर्वांत मोलाची वाटली. मला पलंगाच्या कडेला पाय सैल सोडून बसवले गेले. डॉक्टरांनी एका हाताने नडगी स्थिर धरली, दुसऱ्या हातात टाच घेतली आणि पाऊल अलगद पुढे ओढले. हे त्यांनी आधी चांगल्या पायावर केले आणि मग दुखऱ्या पायावर. चांगला घोटा थोडासा हलून ठाम अडत होता, तर दुखरा त्याहून पुढे सरकत होता, आणि हा फरक मला स्वतःलाही जाणवला. बाहेरच्या बाजूचा पुढचा अस्थिबंध, म्हणजे पाऊल आत मुरगळले की बहुधा सर्वांत आधी ताणला जाणारा लिगामेंट, सैल पडल्याचे ते लक्षण होते. दुखापत ताजी असताना वेदना आणि सुजेमुळे ही चाचणी फसवी ठरू शकते, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासणे अधिक विश्वसनीय असते, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

मी एमआरआयविषयी विचारले. सांध्याच्या आत खोलवर दुखत राहिले, किंवा कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) अथवा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) फाटल्याची शंका आली, तर तो करू; आत्ता त्याने उपचार बदलणार नाहीत, असे स्पष्ट उत्तर मिळाले. इतक्या सरळपणे नकार देणारे डॉक्टर मला फार आश्वासक वाटतात.

उपचाराचा भर व्यायामावर होता. लिगामेंटला इजा झाली की सांध्याची स्थिती ओळखण्याची जाणही मंदावते, म्हणून पोटरीच्या बाहेरच्या अंगाच्या स्नायूंना बळकटी देण्याबरोबरच एका पायावर तोल सांभाळणे, मग तेच डोळे मिटून करणे आणि पुढे उड्या मारणे असा क्रम दिला गेला. कोर्टवर परतण्यासाठी तारखेऐवजी कसोट्या ठरल्या: दुखऱ्या पायावर टाच उचलणे चांगल्या पायाइतकेच जमले पाहिजे आणि झटकन दिशा बदलताना मनात धास्ती असता कामा नये. काही महिने नेटाने व्यायाम करूनही घोटा निसटत राहिला, तरच शस्त्रक्रियेचा विचार करू, असे ठरले.

उणिवाही आहेत. वेळ आधी ठरवूनही बरीच वाट पाहावी लागली. त्याहून गंभीर बाब म्हणजे व्यायामाच्या कागदावर केवळ नावे होती, चित्रे नव्हती. फिजिओथेरपिस्टने करून दाखवले नसते, तर निम्मे व्यायाम चुकीचे झाले असते. ज्या सेवेचा सारा डोलारा व्यायामावर उभा आहे, तिथे ही त्रुटी राहायला नको.

पहिल्यांदाच मुरगळलेला आणि दिवसागणिक सुधारणारा घोटा घेऊन अशा तज्ज्ञांकडे धावण्याची गरज नाही. मात्र घोटा वारंवार निसटत असेल, काही आठवड्यांनंतरही दुखत असेल, किंवा धावपटूच्या पावलाच्या हाडावर एकाच ठिकाणी ठणका असेल, तर जरूर जावे. ताणामुळे पडलेली बारीक चीर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. खेळताना टाचेच्या मागे कोणीतरी लाथ मारल्यासारखे वाटले आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर पोटरीचे स्नायू टाचेला जोडणारी ॲकिलिस कंडरा तुटल्याची शक्यता असते, आणि तिथे एक दिवसही दवडू नये. जाताना खेळाचे वापरलेले बूट आणि जुने एक्स-रे सोबत न्यावेत आणि गुडघ्यापर्यंत वर घेता येतील असे कपडे घालावेत, कारण दोन्ही पाय उघडे ठेवून शेजारी-शेजारी पाहिल्याशिवाय ही तपासणी पुरी होत नाही.