मायलेप्ट: दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

माझ्या मुलीला जन्मजात लायपोडिस्ट्रॉफी आहे, म्हणजे तिच्या शरीरात मेदपेशी जवळजवळ नाहीतच. साठवायला जागा नसल्यामुळे चरबी यकृतात, स्नायूंत आणि रक्तात उतरते, इन्सुलिन कितीही वाढवले तरी साखर आटोक्यात येत नाही, आणि भूक आवरणारे लेप्टिन हे संप्रेरक मेदपेशींतच तयार होत असल्याने पोट भरल्याची जाणीवही होत नाही. चार पोळ्या खाऊन ती पुन्हा डबे उघडायची. ‘एवढे खाते, पण अंगी काही लागत नाही,’ असे पाहुणे तिच्यासमोर म्हणत, तेव्हा जिवाला फार लागे.

मायलेप्ट हे मेट्रेलेप्टिनचे, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या लेप्टिनचे इंजेक्शन असून अमेरिकेत त्याला २०१४ साली मान्यता मिळाली. त्याआधी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९ स्त्री रुग्णांचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चार महिन्यांत सरासरी ६० टक्क्यांनी उतरले होते. आमच्याकडे मात्र पहिला फरक ताटात दिसला: तिसऱ्या आठवड्यात तिने अर्धी पोळी तशीच ठेवली आणि ‘आई, पुरे,’ म्हणाली. साखर आणि इन्सुलिनची मात्रा त्यानंतर हळूहळू उतरली. पूर्वी तपासणीच्या नळीत दुधासारखा दिसणारा रक्ताचा द्रव आता स्वच्छ असतो.

इंजेक्शन रोज एकदा, त्वचेखाली द्यायचे असते. कुपीतल्या भुकटीत २.२ मिली पाणी घालून कुपी हलकेच फिरवावी लागते, कारण जोरात हलवल्यास फेस येतो. जंतुरोधक पाण्यात कालवलेले औषध फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवावे लागते.

औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन त्याचा गुण जाऊ शकतो आणि लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका संस्थेच्या कर्करोगाच्या, नोंदीही आहेत, म्हणून त्यावर सर्वांत कडक इशारा छापलेला असतो, आणि तो आम्ही डॉक्टरांसोबत ओळ न ओळ वाचला. साध्या लठ्ठपणासाठी हे औषध नाही.

खरी तक्रार आमच्या विमा कंपनीबद्दल आहे. गेल्या वर्षी मंजुरीचे नूतनीकरण रखडले आणि शेवटची कुपी उरली. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आलेल्या रुग्णाचे औषध एकदम थांबवले तर ती सूज उलटू शकते, हे डॉक्टरांनी लेखी कळवल्यावरच कागद हलले. आता मी तो अर्ज मुदतीच्या दोन महिने आधीच पाठवते.