आर्कान्सा ब्लॅक सफरचंद: नोव्हेंबर ते मार्च वापरल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगते, हे सफरचंद आणल्या आणल्या खायचं नाही. ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरला बाजारात येतं तेव्हा इतकं टणक असतं की सुरीला जोर लावावा लागतो, चव नुसती आंबट-तुरट, आणि बरेच जण तिथेच एक चावा घेऊन नाक मुरडतात ते परत त्याच्या वाटेला जात नाहीत. मला खरंच वाईट वाटतं, कारण ह्याची खरी चव फ्रीजमध्ये दोन-अडीच महिने काढल्यावर येते, आणि ती आली की दुकानातलं गाला किंवा फुजी नुसतं गोड पाणी वाटायला लागतं.

आम्ही अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, बेंटनव्हिलला राहतो आणि हे सफरचंद इथलंच. १८७० च्या आसपास ह्याच बेंटन काउंटीत ब्रेथवेट नावाच्या माणसाच्या बागेत पहिलं झाड आलं असं सांगतात, बहुतेक वाइनसॅप नावाच्या सफरचंदाच्या जातीच्या बियांतून. आता बेंटनव्हिल म्हटलं की वॉलमार्टचं हेडऑफिस आणि त्यापायी इथे आलेली आपली आयटीतली मंडळी, पण शंभर वर्षांपूर्वी हा सगळा पट्टा सफरचंदाच्या बागांचा होता, फळं सुकवायचे कारखाने होते, आणि १९०१ मध्ये आर्कान्सा राज्याचं फूल म्हणून सफरचंदाचंच फूल ठरवलं गेलं. पुढे कीड, फवारणीचा खर्च, मग मंदी, बागा एकेक करून गेल्या. ही जात मात्र थोड्या बागांनी सांभाळली म्हणून आज आपल्याला मिळतेय.

रंग एकदम गडद लाल, जांभळट, आणि ठेवून ठेवून अजून काळपट होत जातो. आतला गर पिवळसर. मी धुवून न ठेवता, दोन-चार भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते, पालेभाजीपासून लांब, कारण सफरचंदातून निघणाऱ्या वायूने कोथिंबीर-पालक लवकर पिवळे पडतात. डिसेंबर संपता संपता साल हाताला तेलकट लागायला लागते, अंगठा फिरवला की चक्क चिकटपणा जाणवतो. घाबरू नका, फळ खराब झालेलं नसतं आणि कोणी पॉलिशही केलेलं नसतं, ते सालीचं स्वतःचंच मेण असतं. आत हळूहळू आंबटपणा उतरत असतो आणि स्टार्चची साखर होत असते, म्हणून जानेवारीत तेच फळ कापलं की आंबटगोड, किंचित दालचिनीसारखा वास आणि तरीही करकरीत.

आता स्वयंपाकाचं. नोव्हेंबरची कच्ची आंबट फळं मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती मेथांब्याला. आई सांगलीहून आली होती, इथे चांगली कैरी मिळत नाही म्हणून कुरकुरत होती, तर म्हटलं ह्याचा करून बघ. तिने साल न काढता जाड फोडी केल्या, तेलात मोहरी-मेथ्या-हिंग, हळद, तिखट, मग फोडी परतून थोडं पाणी, झाकण, शेवटी गूळ. दुसरं कुठलंही सफरचंद असतं तर गाळ झाला असता, इथे फोड न फोड अख्खी राहिली आणि सालीमुळे पाकाला लालसर छटा आली. आई म्हणाली, "अगं, हे कैरीइतकं आंबट नाही, लिंबू पिळ." पिळलं, आणि जमलं. तेव्हापासून मी लिंबू घालतेच आणि गूळ कैरीच्या निम्मा. साखरांबाही छान होतो, किसून नाही, बारीक फोडी करून.

ॲपल पायला उत्तम, पण साल काढाच, जाड असते आणि भाजून चिवट होते. फोडी पातळ कापा किंवा आधी पॅनमध्ये बटर-साखरेवर थोड्या नरम करून घ्या, नाहीतर वरचं कव्हर करपायला येतं तरी आतलं फळ कडकच. इथल्या लोकांचा नाश्त्याचा प्रकार आहे, बिडाच्या तव्यात बटर, ब्राउन शुगर, दालचिनी घालून परतलेल्या फोडी, गरम बिस्किटांबरोबर (आपलं पार्लेजी नव्हे, मऊ पावासारखं असतं ते). ह्या पदार्थाला ह्याच्यासारखं फळ नाही, आमच्याकडे रविवारी हाच नाश्ता असतो आणि मी मुलांसाठी पोळीबरोबरही देते.

ॲपल सॉससाठी (शिजवून घोटलेला गर) मात्र घेऊ नका. तासभर शिजवलं तरी गुठळ्या राहतात, अगदीच करायचा तर निम्मं मॅकिन्टॉश जातीचं सफरचंद घाला, ते पटकन विरघळतं. शिऱ्यात घातलं तेव्हा ठीकठाक, केळ्याची सर नाही.

मार्चपर्यंत उरलेली थोडी मऊ झाली, खायला अजून गोड पण ती करकर गेली. ती मी सालीसकट मंद आचेवर ॲपल बटरला घातली, रात्रभर स्लो कुकरमध्ये, मग मिक्सरमधून काढून. ह्यात बटर नसतं, आटवलेला गर असतो, आणि डब्यातल्या पोळीला तुपाबरोबर लावायला फार छान.

मोठ्या सुपरमार्केटमध्ये सहसा मिळत नाही, शनिवारच्या फार्मर्स मार्केटला किंवा थेट बागेत ऑक्टोबरच्या मध्यापासून विचारायला लागा. हाताला जड, देठ शाबूत, कुठे दबलेलं नाही असंच निवडा, कारण एक डागाळलेलं आत गेलं की शेजारची पण जातात. रंग सगळीकडून नीट चढलेला हवा, खालची बाजू हिरवी असेल तर ते लवकर तोडलंय, ते ठेवूनही सुरकुततं, गोड होत नाही. ह्या वर्षी मी अर्धं बुशेल सांगून ठेवणार आहे, म्हणजे साधारण वीस पौंड, त्यातले निम्मे जानेवारीपर्यंत कोणाला हात लावू देणार नाही.