ओपन कॅमेरा, आठ महिन्यांनंतर: फोनवर एक्स्पोजर शिकायचं असेल तर

फोटोग्राफी शिकायला आधी मोठा डीएसएलआर कॅमेरा घ्यावा लागतो, हा समज अजून बराच पक्का आहे. एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा), व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग सांभाळणं) आणि फोकस हाताला बसवायचे असतील तर अँड्रॉइड फोन आणि ओपन कॅमेरा हे ॲप पुरेसं आहे. ॲप फुकट, ओपन सोर्स, आणि आत जाहिराती नाहीत.

इन्स्टॉल झाल्या झाल्या सेटिंग्जमध्ये जाऊन कॅमेरा एपीआय (ॲप फोनच्या कॅमेऱ्याशी ज्या मार्गाने बोलतं तो) 'कॅमेरा२'वर आहे का बघा, नसेल तर न्या. हे राहून गेलं की शटर स्पीडचा (सेन्सरवर उजेड किती वेळ पडू द्यायचा याचा) पर्याय दिसतच नाही, आणि लोक ॲपला नावं ठेवून काढून टाकतात. काही फोनमध्ये कॅमेरा२चा आधार अर्धवट असतो. तिथे फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातला प्रो मोड बरा. मग ग्रिड (पडद्यावरच्या मदतरेषा) आणि हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) चालू करा.

पहिल्या आठवड्यात निराशा ठरलेली. मॅन्युअलमधले, म्हणजे सगळं स्वतः ठरवून काढलेले, फोटो फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा वाईट दिसतात, कारण तो कॅमेरा एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो, नॉइज (फोटोतले दाणे) पुसतो, सावल्या उजळतो. ओपन कॅमेऱ्यात साध्या फोटो मोडमध्ये मॅन्युअल लावलं की एकच फ्रेम मिळते. पण चूक शटरची होती की आयएसओची (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील), हे त्या एका फ्रेममध्येच कळतं. आयएसओ शक्यतो ८००च्या आत ठेवा. फोनचा सेन्सर इवलासा, त्यापुढे दाणे झाकत नाहीत.

बहुतेक फोनमध्ये ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक) बदलता येत नाही, एफ/१.८च्या आसपास कायमचं बसवलेलं असतं. म्हणजे हातात शटर आणि आयएसओ या दोनच गोष्टी उरतात, आणि नवशिक्याला ते सोयीचंच आहे. घरातला सराव छताच्या पंख्यावर करा. दुपारी खिडकीच्या उजेडात, दिवे बंद करून, आयएसओ १०० आणि शटर १/५० सेकंद. मग आयएसओ ८०० आणि १/४००. दोन्ही फोटो सारखेच उजळ येतात. पहिल्यात पाती फिस्कटलेली, छत स्वच्छ. दुसऱ्यात पाती जवळजवळ थांबलेली आणि कोपऱ्यांत दाणे. ही देवाणघेवाण एकदा डोळ्यांनी दिसली की कोष्टकं पाठ करावी लागत नाहीत.

ट्यूबलाइटखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात, त्याचा दोष ॲपला देऊ नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं आणि प्रत्येकात दोन झोत, त्यामुळे चोकवाली ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, म्हणून १/५००ला काही ओळी उजेडात सापडतात, काही अंधारात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातात.

मीटरिंगचा (ऑटोमध्ये कॅमेरा उजेड मोजतो त्याचा) घोळ लग्नात आणि देवघरात हमखास होतो. कॅमेरा समोरचं सगळं मधल्या राखाडी छटेचं समजतो. म्हणून पांढरीशुभ्र साडी मळकी दिसते आणि काळ्या पाषाणाची मूर्ती पांढुरकी. साडीला एक्स्पोजर +०.७, मूर्तीला –१, इथून सुरुवात करा. समईच्या उजेडात ऑटो व्हाइट बॅलन्स ज्योतीचा पिवळेपणाच मारून टाकतो. तो हाताने ४००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास ठेवला की पितळेचा रंग राहतो.

धबधब्याचं दुधाळ पाणी मात्र एकट्या ॲपच्या आवाक्यातलं नाही. ॲपर्चर लहान करता येत नसल्याने ढगाळ दिवसातही पाव सेकंदात फोटो पांढरा फटक होतो. क्लिपवर बसणारा एनडी६४ फिल्टर (उजेड ६४ पट कमी करणारी काळपट काच), ट्रायपॉड आणि २ सेकंदांचा टायमर लागतो. तरी लख्ख उजेडात जमत नाही. दाट झाडीतलं पाणी किंवा सांजवेळ निवडा.

रॉ फाइल (सेन्सरचा कच्चा, प्रक्रिया न केलेला डेटा) जरूर घ्या, पण सतत नको. १२ मेगापिक्सेलची डीएनजी (रॉचा फाइल-प्रकार) साधारण २४ एमबी होते, तर जेपीईजी ३ ते ५ एमबी. उतरत्या उन्हाच्या, जास्त कॉन्ट्रास्टच्या फोटोंपुरती ती चालू ठेवा आणि स्नॅपसीड या फोटो संपादनाच्या ॲपमध्ये उघडा.

सगळ्यात मोठी उणीव डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट राहतं त्याची. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी हिशोबाने रंगवलेली असते. कुरळे केस आणि चष्म्याच्या काड्या तिथे उघड्या पडतात. खरी धूसरता पाहायची तर जास्वंदीच्या फुलाजवळ, फोकस धरेल तितक्या अंतरावर जा आणि पाठीमागची भिंत दूर असू द्या. शिवाय बऱ्याच फोनमध्ये टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारी) लेन्स ओपन कॅमेऱ्याला मिळतच नाही. चेहरा मुख्य लेन्सने हातभरावरून काढला की नाक फुगतं. चार-पाच पावलं मागे सरका आणि नंतर क्रॉप करा.

आणि रोज, फोटोआधी, लेन्सवरून मऊ सुती कापड फिरवा. बोटाच्या तेलाचा पुसट थर दिसत नाही, पण दिव्याभोवती लांब रेघा आल्या की समजा तोच आहे.