घरी बांधलेला पॉवर स्क्रेपर: सात महिन्यांनंतर गाडी फेल्टवर येऊन अडली

लेथचा बेड (खालचा बिडाचा पाया) खरडून सपाट करायला मी पॉवर स्क्रेपर बांधला. त्यातल्या प्लंजरचा, म्हणजे पातं पुढे-मागे नेणाऱ्या दांड्याचा, पुढचा बुश (दांड्याला धरणारी नळी) दुसऱ्यांदा गेला, म्हणून हा अनुभव. रेसिप्रोकेटिंग सॉपासून (पातं पुढे-मागे चालणाऱ्या करवतीपासून) स्क्रेपर कसा बांधायचा हे बहुतेकांना ठाऊक आहे, तेव्हा जिथे चुकतं नेमकं तेवढंच सांगतो.

सॉचा स्ट्रोक, म्हणजे पात्याची एका दिशेची चाल, 28 मिमी. बिडाच्या बेडला 10 मिमी भरपूर, म्हणजे क्रँकपिन (मोटरचं फिरणं पुढे-मागे चालीत बदलणारी पिन) मध्यापासून 14 ऐवजी 5 मिमीवर घ्यायची. पिन आत घेतली की तिच्या समोरचं, तोल साधणारं वजनही घासून कमी करा. ते राहिलं तर हात बधिर होतो आणि बेडवर लाटा उठतात. पातं 25 मिमी रुंद, 3 मिमी जाड कार्बाइड, चांदीच्या झाळीने बसवलेलं. नाकाची गोलाई 60 ते 90 मिमी, धार दोन्ही अंगांनी 5 अंश निगेटिव्ह, म्हणजे काटकोनापेक्षा जरा बोथट. शेवटची धार डायमंड व्हीलवरच लावा. नुसत्या हिरव्या (सिलिकॉन कार्बाइडच्या) व्हीलने धारेला बारीक दाते राहतात.

ओरखडे पडायचे तेव्हा आधी सगळा दोष स्पीडला दिला. डिमर लावून मिनिटाला हजार स्ट्रोकवर आणलं. पंखाही मंद झाला, मोटर तापली, ओरखडे तसेच. निदान चुकलं होतं. कापताना सॉचा बूट (पुढची टेकायची पट्टी) कामाला टेकलेला असतो. खरडताना तो आधार नाही, बाजूचा सगळा जोर बुशवर. बुश जरा ढिला झाला की पात्याचा कोपरा रुततो. एक पास साधारण 0.01 मिमी काढतो. म्हणजे 0.05 चा एक ओरखडा घालवायला अख्ख्या बेडवर पाच पास आणि दर वेळी पुन्हा निळा रंग लावून उंच राहिलेल्या जागा बघणं!

सांगलीजवळ कुपवाडला गनमेटलचा बुश करून घेतला, प्लंजरच्या व्यासाच्या दुप्पट लांब, फट 0.02 मिमी. ओरखडे थांबले. इथेच काम झालं असं वाटलं, पण पाच महिन्यांत तोही खाल्ला. उघडल्यावर कारण दिसलं: बुशच्या तोंडाशी काळं, कचकचीत ग्रीस. बिडाची भुकटी ग्रीसमध्ये मिसळली की घासायची पेस्टच होते.

महागड्या परदेशी स्क्रेपरच्या पैशात जुनं लेथ येतं, म्हणून हे मशीन मी सोडणार नाही. पण बुशच्या पुढे भुकटी अडवायला फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) रिंग हवीच. फेल्ट तेलात भिजवून घट्ट बसवा, दर बेडमागे बदला. बदलताना प्लंजर रॉकेलच्या फडक्याने पुसा. हवा मारू नका, भुकटी थेट आत जाते.