जुने भोंगे नवीन आयपी फोनला जोडून दिले, काम एक नंबर पण बिल मागून घ्या

आमचं रबाळे एमआयडीसीत पॅकेजिंगचं युनिट आहे. जुना ईपीएबीएक्स (ऑफिसचं आतलं टेलिफोन एक्स्चेंज) काढून कॉम्प्युटर नेटवर्कवर चालणारे आयपी फोन आले आणि मग सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की शॉपफ्लोअरवरचे भोंगे आता बोलणार कसे. फोनवाला वेंडर म्हणाला सगळे काढा, आयपी स्पीकर लावा, प्रत्येकाला वेगळी लॅन केबल. कोटेशन बघून साहेबांनी हातातला चहा खाली ठेवला, मग ज्यांचा हा रिव्ह्यू आहे त्या यांना बोलावलं.

यांनी आल्या आल्या अॅम्प्लिफायरच्या मागे टॉर्च मारली. आहुजाचा 100 व्होल्ट लाइनवाला (एकाच लांब तारेवर बरेच भोंगे चालवणारा), भोंगे सगळे धडधाकट, म्हणाले यातलं काहीच काढायचं नाही. एक छोटा एसआयपी पेजिंग अडॅप्टर (आयपी फोनवरचं बोलणं भोंग्यांपर्यंत पोचवणारा डबा) लावला, पॉवर पीओई स्विचवरून, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज, सिस्टीममध्ये तो साध्या एक्स्टेंशनसारखा रजिस्टर होतो, नंबर फिरवला की स्वतःच कॉल उचलतो आणि आवाज अॅम्प्लिफायरच्या ऑक्सला (बाहेरच्या उपकरणाचा आवाज घेणारं सॉकेट) जातो. मी विचारलं साधा एटीए (जुना फोन आयपी सिस्टीमला जोडायचा डबा) लावून स्वस्तात नाही का होणार, तर म्हणाले त्याच्या एफएक्सएस पोर्टवर, म्हणजे साधा फोन लावायच्या सॉकेटवर, नुसती रिंग येईल, अॅम्प्लिफायर काय फोन उचलणार नाही. पटलं. माइकच्या सॉकेटला का नाही तेही सांगितलं, तिथे मिलिव्होल्टचं काम, लाइन लेव्हल, म्हणजे अडॅप्टरचा त्याहून खूप मोठा सिग्नल, दिला की आवाज फाटतो.

पण खरे पैसे वसूल झाले ते पुढे. पहिल्यांदा जोडल्यावर सगळ्या भोंग्यांतून घुंऽऽ असा 50 हर्ट्झचा आवाज, कोणी दुसरा असता तर व्हॉल्यूम कमी करून पावती फाडून गेला असता. यांनी शोधलं की नेटवर्क रॅकचं अर्थिंग वेगळं आणि अॅम्प्लिफायरचं वेगळं, म्हणजे ग्राउंड लूप (दोन अर्थिंगमधून फिरणारा करंट आवाजात मिसळतो), मग मध्ये 600 ओहमचा 1:1 आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारा थेट न जोडता फक्त आवाज पुढे देणारा) टाकला आणि घुं बंद. एवढासा डबा, पण फरक जमीन अस्मानाचा!

डिस्पॅचचं टेबल नेमकं भोंग्याखाली, तिथून बोललं की भोंग्याचा आवाज परत फोनमध्ये शिरून शिट्टी मारायची. त्यावर आता बोललेलं आधी रेकॉर्ड होतं, रिसीव्हर ठेवला की मग वाजतं. पेजिंगला पिनही लावून दिला हे बरं केलं, नाहीतर नाइट शिफ्टला अंताक्षरी रंगली असती. जी.722 कोडेकही (फोनवर आवाज पाठवायची पद्धत) चालू केलाय, जी.711 पेक्षा आवाज भरीव येतो म्हणे, पण खरं सांगू का, फरक फक्त कँटीनच्या बॉक्स स्पीकरवर कळतो, भोंगा तो भोंगाच.

एक स्टार का कापला? केबल टाय न मारता तशाच लोंबत सोडल्या, आणि जीएसटी बिलासाठी फोन करून करून अकाउंटवाली मॅडम वैतागली. शिवाय पीओई स्विच आमच्या यूपीएसवर आहे पण अॅम्प्लिफायर सरळ मेनवर, म्हणजे लाइट गेली की फोन चालू आणि भोंगे गप्प, हे त्यांनी आधीच बोलायला हवं होतं, आम्हाला पहिल्या पावसात कळलं. फायर अलार्मचा हूटर वेगळा आहे म्हणून ठीक, तो याला जोडायचा नाही असं त्यांनीच बजावलं होतं.

महापे, तुर्भे बाजूला कुणाकडे असा जुना सेटअप असेल तर नवीन स्पीकर घेण्याआधी यांना दाखवा, फक्त अॅम्प्लिफायरचा यूपीएस कोटेशनमध्ये लिहून घ्या.